सेलूजवळच्या गावात माझ्या चुकीचा सत्कार

दिगंबरच्या सत्काराला जायचं नाही असं पक्कं ठरवलं आणि त्याच दिवशी सेलूचं तिकीट काढलं. या ब्लॉगवर एरवी किल्ले आणि धबधबे असतात. या वेळी मी स्वतःच्या जळफळाटाची सहल लिहितोय.

दिगंबर आणि मी एकाच प्रयोगशाळेत अणुकेंद्राच्या रचनेवर पीएच.डी. केली. पुढे त्याने अणुकेंद्र सोडलं आणि आयन चॅनेलवर काम सुरू केलं. आपल्या पेशीच्या पटलात क्षारांचे भारित कण आत-बाहेर सोडणारी इवलीशी दारं असतात, ती ही. तिथे त्याने जगभर नाव काढलं. मी कॉलेजात तेच ते तास घेऊन निवृत्त झालो. तो माझ्यापेक्षा हुशार होता की नुसता नशीबवान, एवढं एकदा डोळ्यांनी बघून यायचं होतं. नशीबवान निघाला असता तर मी सुखाने झोपलो असतो.

छत्रपती संभाजीनगरहून सकाळची गाडी धरलीत तर जालना, परतूर करत अडीच-तीन तासांत सेलू येतं. जनरलचं तिकीट शंभराच्या आत. खिडकी हवी तर लवकर पोचा. स्टेशनबाहेर सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, हवेत तंतू उडत होते. तोंडाला रुमाल बांधा. दिगंबरच्या गावाला बस दिवसातून दोनदाच, म्हणून जीप केली.

"शास्त्रज्ञाच्या गावाला का?" ड्रायव्हरने विचारलं. "लय मोठा माणूस हाय. सारं गाव त्याच्यापायी सजायलंय."

"मीही शास्त्रज्ञच आहे," मी म्हणालो.

"हौ का? सरका मंग जरा, अजून दोघं बसतेत."

दिगंबरचा धाकटा भाऊ मारोती अजून मेंढ्या राखतो. घर साधंच, चार खोल्यांचं; दिगंबरही तिथेच उतरला होता. मारोतीच्या बायकोने, गंगूबाईने, ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी वाढली. ही झणझणीत आमटी इकडे आलात तर सोडू नका. मी दिगंबरच्या बोलण्यात गर्व शोधत होतो. तो सापडेना, त्यामुळे जास्तच चिडलो.

दिवस कलताना मारोती मेंढ्या जाळीच्या कुंपणात घ्यायला लागला. मोठ्या मेंढ्या शिस्तीत आत गेल्या. कोकरं मात्र आत जायची, क्षणभर बाहेर डोकावायची, परत आत पळायची. मारोतीची नजर सगळा वेळ त्यांच्यावरच.

"बारक्यांकडं कशाला एवढं बघायचं?" मी विचारलं.

"नुसती मोठीच बघितली तर लांडग्यानं कवा काय नेलं, कळायचं न्हाई."

दिगंबर हसला. "वसंता, तुझा प्रोग्रॅम आठवतो का? गॅमा किरणांसाठी लिहिलेला?"

आठवत होता. माझ्या उमेदीची ती एकच चीज. यंत्रात क्षणभराचा बारीक ठोका आला की गोंगाट समजून प्रोग्रॅम तो टाकून द्यायचा.

"तोच मी चॅनेलच्या नोंदींना लावला. दोन वर्षं डोळे झाकून. मग सुट्टीला इथं आलो, ही कोकरं बघितली, अन् परत जाऊन टाकलेलं सगळं उघडलं. दार क्षणभर उघडून मिटायलंय, हे सगळं त्या टाकलेल्यातच व्हतं. पुढचं सारं काम त्यातून निघालं."

"गॅमा किरणांसाठी ते बरोबरच होतं," मी म्हणालो.

"हौ. पण टाकलेलं तू एकदा तरी बघितलं का?"

बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. इकडे टॉवेल-टोपी देऊन पाहुण्याचा मान करतात. सरपंचांनी ती पुढे केली, तर दिगंबरने मला ओढून उभं केलं. "आधी ह्याला. ह्याच्या चुकीपायी मला सापडलं." टोपी माझ्या डोक्यावर चढली, गावाने टाळ्या वाजवल्या.

"चुकीचा बी मान करतेत का?" पुढे बसलेली गंगूबाई ओरडली. "आमाला तर शिव्याच पडतेत!"

सगळे हसले. मीही हसलो, पण इतका हेवा मला जन्मात वाटला नव्हता. नशीब असतं तर सोसलं असतं. मी फेकलेलं त्याने उचलून पाहिलं, आणि वर त्याचं श्रेय मनापासून मलाच दिलं.

दुपारच्या गाडीने परतलो. बसायला जागा मिळाली नाही.

घरी आल्यावर टॉवेल बायकोने वापरायला काढला. टोपी टेबलावर राहिली. काल सकाळी मी माझ्या पीएच.डी.च्या कच्च्या नोंदी शोधून काढल्या. प्रोग्रॅममधली बारीक ठोके टाकून देणारी ओळ पुसली आणि आयुष्यभर टाकून दिलेलं सगळं पहिल्यांदा पडद्यावर आणलं. नुसता गोंगाट होता. तीनदा पाहिलं. मग ती टोपी डोक्यावर घातली आणि चौथ्यांदा पाहायला बसलो.