शेदलीचं ताट

शेदली बावीस वर्षं फौजेत होता, पण बंदूक कशी धरतात ते त्याला मी शिकवलं, तेही केस पिकल्यावर. भरती झाल्याच्या पहिल्याच महिन्यात कर्नलसाहेबांनी त्याला घरकामाला नेलं आणि तो तिथलाच झाला. बाजारहाट, स्वयंपाक, साहेबांच्या लेकीला, रीमला शाळेत सोडणं. त्यात स्वतःचं लग्न राहूनच गेलं. साहेब जेवायला बसले की दाराशी उभं राहून रोज विचारायचा, "मीठ बरोबर आहे ना, साहेब?" स्वतः मात्र चुलीपाशी उभ्या उभ्या जेवायचा.

मग उठाव झाला. लोकांनी सरकार उलथवलं आणि फौजेलाही आपली जुनी खरकटी धुवावी लागली. आमच्या बिझर्त बंदरातल्या छावणीत हुकूम निघाला, यापुढे शिपाई साहेबांच्या घरी राबणार नाहीत. मला आनंद झाला. हे केव्हाच व्हायला हवं होतं. शेदलीचं तोंड मात्र एवढंसं झालं.

"कोथिंबिरीची जुडी नाहीये ती, नीट धर!" मी मैदानावर ओरडायचो.

"रीमला ताप आलाय म्हणे," तो म्हणायचा. "कोण बघत असेल तिच्याकडे?"

"तिला आईबाप आहेत, लेका. तू नोकर होतास तिथे."

बोलून गेलो आणि जीभ चावली. त्या घराने आपल्याला कधी आपलं मानलं का, हाच प्रश्न त्याला आतून खात होता.

दोन वर्षांनी रीमच्या लग्नाचं आमंत्रण आलं. पाकिटावर त्याचं पूर्ण नाव होतं. एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मला ओढून नेलं. नवा सूट घातलेला हा गडी सवयीने मागच्या दाराने शिरला आणि बाह्या सरसावून कुसकुस, म्हणजे आमच्याकडचा वाफवलेला रवा, वाढायला लागला. मी कपाळावर हात मारला.

नवरीच त्याला शोधत आली. "काका, बाहेर तुमची जागा रिकामी आहे."

"एवढी ताटं भरतो नि आलोच, बाळा."

"आता तुम्हाला हुकूम करता येत नाही ना," ती हसता हसता रडायलाच लागली. "म्हणून हात जोडते. चला."

आमच्याकडे कुसकुसवरचं मटण घरचा कर्ता वाटतो. कर्नलसाहेबांनी पहिला मोठा तुकडा शेदलीच्या पुढ्यात ठेवला. वाढायची सवय नाही; रस्सा त्याच्या बाहीवर सांडलाच. मग साहेब तिथेच त्याच्याजवळ उभे राहिले.

"मीठ बरोबर आहे ना, शेदली?"

शेदलीने मान डोलावली आणि बसल्या बसल्याच दुसरा घास घेतला.