आत्याचं शपथपत्र

लग्नानंतर मी आणि मिलिंद रायपूरहून निघालो, तेव्हा विमानतळाकडे जाणारी गाडी बाबांनी उलट्या दिशेला, जुन्या शहरातल्या तात्यापाऱ्याकडे वळवायला लावली. तिथे एका स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्यांत माझी आत्या राहते, बाबांची मोठी बहीण. बाबा एकटेच जिना चढून गेले. आई, मी आणि मिलिंद खाली गाडीत बसून राहिलो. पाच मिनिटांत बाबा परत आले, दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला भैया, उशीर होऊन राहिला." आत्या लग्नाला आली नव्हती. त्या दिवशी ती खिडकीतही आली नाही. 

मिलिंदही रायपूरचाच. त्याचे आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर आले, बौद्ध कुटुंब, तो रेल्वे कॉलनीत वाढला. आमची माणसं मराठ्यांच्या राज्यात कधीतरी इथे येऊन स्थिरावली. दोन्ही घरांत मराठी एकच, मले-तुले करणारी. आम्ही मात्र एकमेकांना भेटलो ओहायोत. तो तिथे बरीच वर्षं होता, मी शिकायला गेले होते. रायपुरात सहा किलोमीटरवर राहून जी ओळख झाली नसती, ती तिथे मराठी ऐकू आल्यावर दहा मिनिटांत झाली. आत्याला हे लग्न काही पटलं नाही. तिने बाबांना सांगितलं होतं, "पोट्टीले जायचं तं जाऊ दे. पण तो माझ्या घरात पाय नाही ठेवणार. अन् तू त्या मांडवात उभा राहिला, तं तूही नको येऊ." बाबा मांडवात उभे राहिले. मग बहीणभावाचं बोलणं बंद झालं ते झालंच.

हे मी तिकडे रायपुरात राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि इकडे अमेरिकेत आलेल्यांसाठीही, कारण दोघांनाही वाटतं की दुसऱ्याचं बरं चाललंय. इकडचं बरं चाललंय म्हणजे काय, तर मिलिंदला इथलं नागरिकत्व मिळालं, आणि त्याची बायको म्हणून मी ग्रीन कार्डाचा अर्ज केला. अर्ज केला त्याच हिवाळ्यात बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. अर्ज चालू असताना परवानगीशिवाय देश सोडला की अर्ज बाद. ती परवानगी मी मागितली होती, तिचं उत्तर येत नव्हतं. व्हिडिओवर बाबा रोज एकच शब्द उच्चारायचे, "कधी?" मी म्हणायचे, इंटरव्ह्यू झाला की. दर महिन्याला त्यांचा चेहरा थोडा आणखी लहान दिसायचा.

मग एकदाची इंटरव्ह्यूची तारीख आली. आमचं लग्न खरं आहे, कार्डासाठी केलेलं नाही, हे आता कागदावर दाखवायचं होतं. घराचा करार दोघांच्या नावावर, खातं दोघांचं, विजेची बिलं, विमा. मिलिंद इंजिनिअर आहे, त्याने प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घातला, रंगीत पट्ट्या चिकटवल्या आणि एक जाडजूड फाइल केली. फोटोंपाशी आम्ही अडलो. आमचा अर्ज बघणाऱ्या वकिलीणबाई म्हणाल्या, फक्त दोघांचे द्या. लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये आम्ही दोघंच आहोत असा फोटो निघेना. प्रत्येकात मध्ये कुणीतरी मामा नाहीतर शेजारीण उभी. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर आम्ही एकमेकांची परीक्षा घ्यायचो. मी कोणत्या कुशीवर झोपते, त्याच्या आईचं माहेरचं नाव काय, शेवटचं भांडण कशावरून झालं. शेवटचं भांडण बहुतेक या फाइलवरूनच झालेलं असायचं. आपल्याच संसाराचा पाठ घोकताना माणूस फार दमतो हो. 

आणि त्यात माझा जन्माचा दाखला. त्यावर आईबाबांचं नाव आहे, तारीख आहे, ‘स्त्री’ लिहिलेलं आहे, आणि माझ्या नावाच्या जागी कोरी रेघ. दवाखान्याने नोंद केली पहिल्या आठवड्यात, आणि आपल्याकडे बाळाचं नाव ठेवतात बाराव्या दिवशी, बारशाला. नंतर जाऊन नाव चढवायचं राहून गेलं. रायपुरात इतकी वर्षं त्यावाचून काही अडलं नाही. शाळेत घालताना बाबा बरोबर होते, हेडमास्तर त्यांना ओळखत होते, झालं काम. इथे मला ओळखणारं कोण? वकिलीणबाईंनी सांगितलं, जन्माच्या वेळी हजर असलेल्या दोन माणसांची शपथपत्रं आणा, की ही मुलगी तीच.

एक माणूस म्हणजे आई. बाबा तेव्हा नोकरीसाठी जगदलपूरला होते, बारशाच्याच दिवशी पोचले. आईचं माहेर उरलं नव्हतं, तिचं बाळंतपण आत्यानेच केलं. आत्याने लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत शिकवलं, आणि मला मंजिरी हे नावही तिनेच ठेवलं, कानात कुर्र करून. बाकी जी म्हातारी माणसं होती ती गेली. दुसरं माणूस म्हणून आत्याशिवाय कोणी नव्हतंच.

तिला फोन करायला माझी जीभ रेटेना. बाबांच्या लकव्याचं कळूनही ती आली नव्हती, याचा राग माझ्या मनात होता आणि अजूनही थोडा आहे. शेवटी आईनेच केला. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव मी ठेवलं, तं सही दुसरं कोण करीन?" दुसऱ्या दिवशी ती ऑटो करून कचेरीत आली, नोटरीपुढे सही केली आणि आईबरोबर आमच्या तेलीबांधा भागातल्या फ्लॅटवर आली. त्या फ्लॅटमध्ये ती पहिल्यांदाच येत होती. आईने मला फोनवर सांगितलं, "तुह्ये बाबा पलंगावर होते. ताईंनी पाहिलं अन् दारातच उभ्या राहिल्या. मग जवळ बसल्या. बाबांनी डाव्या हातानं त्यांचा हात धरला तो सोडेच ना." मी रडायला लागले. "काहून रडून राहिली? पूर्ण तं ऐक," आई म्हणाली. "मी पाकीट बंद करून राहिली होती, तं ताईंनी देव्हाऱ्यातलं हळदकुंकू मागितलं. मी काही म्हणीन तोवर तुह्या कागदाच्या चारही कोपऱ्यांले लावून मोकळ्या झाल्या."

लग्नपत्रिकेला लावतात तसं, शपथपत्राला. कुरिअर आलं तेव्हा हळद आईच्या शपथपत्रालाही लागलेली होती, आणि एका कोपऱ्यातलं कुंकू नोटरीच्या शिक्क्यावर पसरलं होतं. वकिलीणबाईंनी कागदांचा फोटो बघून विचारलं, हे काय सांडलंय, नवीन नाही का मागवता येणार? इंटरव्ह्यूला पाच दिवस होते.

मी मिलिंदला समजावायला गेले की आत्याने हे शुभ म्हणून केलंय, तिला दुसरं काही म्हणता येत नसेल. त्याने कागद हातात धरला, वास घेतला आणि परत ठेवला. "लग्नात आपल्याले हळद लागली तेव्हा कुठं होत्या त्या?" तो म्हणाला. "आता कागदाले लावून राहिल्या. मी रडू का हसू?"  त्याने तो कागद पाकिटात घालून फाइलमध्ये लावला, पण दोन दिवस त्या फाइलीला हात लावला नाही. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. आत्याचा हात कागदापर्यंत पोचला होता, त्याच्यापर्यंत नाही, हे मला कळायला हवं होतं.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या, शांत होत्या. घोकलेलं काहीही त्यांनी विचारलं नाही. फाइल चाळताना त्या शपथपत्रापाशी थांबल्या, बोटाने पिवळा डाग दाखवला आणि विचारलं, हे काय आहे? मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी मिलिंद बोलला. आनंदाच्या कार्याचा कागद असला की आमच्याकडे त्याला हळद आणि कुंकू लावतात, तो म्हणाला. बाईंनी विचारलं, म्हणजे ह्या तुमच्या लग्नाला होत्या? "नाही," तो म्हणाला. "माझ्या जातीमुळे त्या आल्या नाहीत." इतकी वर्षं आम्ही ही गोष्ट एकमेकांत ‘आत्याचा स्वभाव’ म्हणून उरकत आलो होतो. मी त्याच्याकडे बघूच शकले नाही. बाईंनी विचारलं, आणि आता? मिलिंद म्हणाला, आता मला माहीत नाही.

तीन दिवसांनी अर्ज मंजूर झाला. आनंद झाला म्हणायचं, पण खरं सांगायचं तर आम्ही दोघं सोफ्यावर बसून राहिलो आणि जेवण बाहेरून मागवलं. मग मी घरी फोन लावला. रायपुरात सकाळ झाली होती. आत्या आता रोज सकाळी बाबांजवळ येऊन बसते. आईने फोन तिच्याच हातात दिला.

"भेटलं का तुह्यं कार्ड?"

"पास झालं, आत्या."

"मग कवा येऊन राहिली? वाट पाहून राहिला तो."

"टपालानं कार्ड हातात पडलं की लगेच," मी म्हटलं. "दोघंही येतोय, आत्या."

 मग ती म्हणाली, "त्याले दे."

मिलिंदने फोन घेतला आणि उभा राहिला. मध्येच "हव" म्हणाला, रायपुरात कोणीही हो म्हणतं तसं. थोड्या वेळाने पुन्हा "हव." फोन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उगाच हात धूत राहिला. मी मागे जाऊन विचारलं, काय म्हणाली?

"विचारून राहिल्या होत्या, तिखट किती खातो म्हणून. तात्यापाऱ्यात जेवायले बोलावलं."

"जाशील?"

"जाईन. पण सोपं नाही जाणार मले."

इकडचे मित्र विचारतात, आता घर कोणतं, इथलं की तिथलं? मी फार दमले आहे, मोठं काही उत्तर सुचत नाही. तात्यापाऱ्यात जेवायला जाऊ त्या दिवशी काय होईल मला माहीत नाही. आत्याचा हात वाढताना थांबेल, किंवा मिलिंदचा घास. तसं झालं तर आम्ही उठू, बाबांजवळ जाऊन बसू आणि सुट्टी संपली की परत येऊ. कारण माझ्या शेजारी त्याचं ताट जिथे मांडलं जातं, तेवढंच आता माझं घर आहे. इथे ते आहे. तिथे ते अजून व्हायचंय.