बकरी नसलेली कादंबरी

सौंसरच्या संत्र्याच्या शेडमध्ये शकुंतला सोमकुंवर ही एकच बाई अशी होती, की जिच्या पेट्या दुसऱ्या बाया भरायच्या. सातवी पास, एवढंच तिचं भांडवल. दुपारच्या चहानंतर ती भाताच्या वाळल्या तणसाच्या ढिगावर ऐसपैस बसायची, बुद्धविहाराच्या कपाटातून आणलेली कादंबरी उघडायची आणि मोठ्यानं वाचायची. बाकीच्या आठ जणी संत्री निवडत, पेटीत तणस अंथरत ऐकायच्या आणि आपल्या पेट्यांसोबत तिच्याही भरून टाकायच्या. ही सोय मुकादम देवकाबाईनं लावून दिली होती. बाया ऐकत असल्या की भांडत नसत, आणि हातात संत्रं असताना भांडणाऱ्या बायांचा देवकाबाईला चांगलाच अनुभव होता.

त्या वर्षी, सत्त्याऐंशीच्या हंगामात, 'मुका उंबरठा' नावाची कादंबरी चालू होती. नायिका वत्सला. नवरा शहरात ओव्हरसियर, तिथं त्यानं दुसरी आणून ठेवलेली, आणि ही बाई दोनशे पानं उंबरठ्यात बसून त्याची वाट पाहते. बसून बसून तिचे पाय कसे आखडले नाहीत, ते लेखकालाच ठाऊक. तिच्या डोळ्यांतल्या पाण्याचं वर्णन तो पान-पानभर करायचा, पण ती खाते काय, चूल कशी पेटते, याचा कुठं पत्ता नाही. शकुंतला ही वर्णनं बिनदिक्कत गाळायची आणि त्या जागी थोडं पदरचं घालायची. वत्सलेची बकरी अशीच पदरची. पुस्तकात बकरी औषधालासुद्धा नव्हती, पण बायांना ती इतकी आवडली की रोज पहिला प्रश्न बकरीचाच असायचा.

शेवटच्या पानावर लेखकानं वत्सलेला विहिरीत लोटून दिलं आणि मागाहून नवऱ्याला दोन ओळी रडू दिलं. वत्सला विहिरीच्या काठावर येईपर्यंत मोठ्यानं वाचून झालं होतं; पुढच्या ओळी नजरेखालून जाताच शकुंतलाचं डोकंच फिरलं. तिनं मान वर केली, तर समोर पुष्पा हातातलं संत्रं तसंच धरून उभी. पुष्पाच्या नवऱ्यानं रामाकोन्यात, तिच्या सासरी, दुसरी बाई घरात आणली, तेव्हापासून ती सौंसरला भावाकडे, प्रकाशकडे, राहत होती. आता नवऱ्याचा निरोप आला होता, की ये, दोघीही नांदा. प्रकाश 'जा' म्हणून मागं लागला होता. पुष्पा हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. तिचा सगळा जीव त्या विहिरीच्या काठावर गोळा झाला होता.

शकुंतला न अडखळता वाचत राहिली, "वत्सलेनं एक पाय काठावर ठेवला. तेवढ्यात तिला आठवलं, बकरीचं दूध काढायचं राहिलं आहे. ती माघारी फिरली." पुढं वत्सलेनं शिलाई मशीन घेतली, अख्ख्या गावाची झंपरं शिवली, आणि वर्षभरानं नवरा आला तेव्हा बस स्टँडवर चारचौघांत त्याच्या कानाखाली दोन लगावल्या. शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच संध्याकाळी पुष्पानं भावाला सांगून टाकलं, "मी नाही जात. वत्सला गेली होती काय?" प्रकाश बिचारा ही वत्सला कोणाची कोण म्हणून नात्यागोत्यात शोधत बसला.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण महिन्याभरात पांढुर्ण्याच्या टॉकीजला 'मुका उंबरठा'चा सिनेमा लागला. मध्यप्रदेशात मराठी सिनेमा म्हणजे पाहुणा, आला तरी चार दिवसांचाच. देवकाबाईनं सुट्टी मिळवली आणि साऱ्या जणी बसनं पांढुर्ण्याला निघाल्या. शकुंतलानं पोट दुखण्यापासून सगळी सोंगं करून पाहिली, पण बायांनी तिला ओढत नेलं आणि मोठ्या मानानं मधल्या खुर्चीवर बसवलं.

पहिल्या तासातच कुरकुर सुरू झाली.

"बकरी कुठं हाय वो?" देवकाबाईनं विचारलं.

"येईन ना, दम धरा," शकुंतला पुटपुटली.

मध्यंतर झालं तरी बकरी आली नाही. शेवटी वत्सला एक लांबलचक गाणं म्हणत विहिरीकडं गेली आणि तिनं धपकन उडी टाकली. नवरा रडला आणि पडद्यावर 'समाप्त' आलं.

देवकाबाई ताडकन उभी राहिली. "अन् बकरीचं दूध कोण काढन बाप्पा? मशीन कुठं गेली? अर्धा पिच्चर कापून खाल्ला यायनं!" बाकीच्या जणीही उठल्या. टॉकीजचा माणूस धावत आला, त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले.

तेव्हा मागच्या रांगेतून सौंसरच्या शाळेतले श्रीधर मास्तर म्हणाले, "बाई, जरा शांत व्हा. सिनेमा अगदी पुस्तकाबरहुकूम आहे. मी दोनदा वाचलंय. पुस्तकात बकरी नाही आणि मशीनही नाही."

आठही जणींनी एकदम शकुंतलाकडं पाहिलं. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. पुष्पा दोन सीट पुढं खिडकीबाहेर बघत बसली होती. शकुंतलाला बायांच्या शिव्यांची भीती नव्हती, भीती होती ती शुक्रवारची. तिचा नकार न जुमानता शुक्रवारी रामाकोन्याची माणसं पुष्पाला न्यायला येणार होती, आणि पुष्पाचं 'नाही' शकुंतलाच्या थापेवर उभं होतं. आपण हे काय करून बसलो, या विचारानं तिला सौंसर कधी आलं तेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या पेट्या रिकाम्याच तिच्या पुढ्यात येऊन पडल्या. चहानंतर देवकाबाईनं चौकशी मांडली.

"मास्तर म्हणते ते खरं हाय?"

"हो."

"म्हणजे पिच्चर बरोबर हाय?"

"अगदी किताबीसारखा हाय."

देवकाबाईनं निकाल देऊन टाकला. "मंग पिच्चरवाल्याचा काही दोष नाही. किताबच फालतू हाय. एवढी धडधाकट बाई, अन् तिले काही कामच नाही दिलं."

बायांना हा निकाल पटला. पण पुष्पा पुढं आली. "शेवटचं पान वाच," ती म्हणाली. "जसं छापलं हाय तसं."

शकुंतलानं वाचलं. विहीर वाचली, उडी वाचली, नवऱ्याच्या दोन ओळी वाचल्या. कुणाचा हात हलत नव्हता. तिचे डोळे भरून आले. "पुष्पा, मी खोटं वाचलं वो. तुह्यासमोर हे वाचायची माही हिंमत नाही झाली."

"मालूम झालं मले," पुष्पा म्हणाली. तिनं शकुंतलाची एक रिकामी पेटी आपल्याकडं ओढली आणि तिच्यात तणस अंथरायला लागली. "आता तुहं वाच."

"थे छापलं नाही कुठं."

"तरी वाच."

शकुंतलानं नाक पुसलं आणि पुस्तक तोंडासमोर धरलं. वत्सला काठावरून माघारी फिरली, बकरीचं दूध निघालं, मशीन आली, झंपरं शिवून झाली, नवरा बस स्टँडवर उतरला. "आणि वत्सलेनं चारचौघांत त्याच्या कानाखाली एक लगावली..."

"दोन," पुष्पा म्हणाली. "नीट वाच. शुक्रवारी थे लोकं येऊन राहिले."