साचेखात्यातली हाक

सोलापुरात एप्रिलची दुपार माणसाला आडवं केल्याशिवाय सोडत नाही. मी फरशीवर चटई टाकून पडते. वर पंखा गरगरतो. पलंगावर बसून आई शेंगा फोडतेय. ब्याऐंशीची आहे, पण हात रिकामे ठेवणं तिला जमत नाही. शेंगांचा कटकट आवाज येत राहतो, मग जलद होतो, मग तो शेंगांचा आवाज राहत नाही.

अप्पा मोरीत पाय धूत आहेत.

ते जाऊन अडतीस वर्षं झाली, हे मला झोपेतही ठाऊक आहे. तरी पहिला विचार येतो तो हा, की पंचा कुठे ठेवलाय. तोच पांढरा बुशशर्ट, केसांत तीच कापसाची रुई. मिलचे मॅनेजर असूनही ते अर्धा दिवस मागांमधून फिरत आणि संध्याकाळी निम्मी मिल डोक्यावर घेऊन घरी येत.

"कुंदे, पंचा दे."

मी देते. बोलायला मात्र तोंड उघडत नाही. खोड जुनी आहे माझी.

मी सतरा वर्षांची असताना मिल बंद झाली. फाटकावर नोटीस लागली, खाली अप्पांची सही. माझी मैत्रीण बालामणी दुसऱ्या दिवसापासून वर्गात आली नाही. तिचे वडील नरसय्या बावीस वर्षं त्याच मिलमध्ये विणकर होते. बालामणी आईबरोबर विड्या वळायला बसली, आणि मी अप्पांशी अबोला धरला. रुसवा दोन दिवसांचा असतो हो, पण मी पडले तत्त्वाची! "आई, त्यांना सांग, पत्र आलंय." "आई, त्यांना विचार, भात हवाय का." आई बिचारी चार वर्षं आम्हा दोघांचे निरोप पोचवत राहिली. मग एका सकाळी दाढी करता करता अप्पा गेले. "अप्पा" ही एवढी हाक मारायची राहून गेली. आज ती मारायची आहे, काही झालं तरी.

मोरीच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते ते बालामणीच्या ओट्यावर. अप्पा मांडी घालून बसलेत, मांडीवर सूप, हातात कातर. विडीची पानं कापतायत आणि चांगली कापतायत. इथे मला बोलणं जमतं, हाक तेवढी अडते.

"सही तुमचीच होती ना?"

"माझीच. दुसऱ्या कुणाची असणार?"

"मग?"

"सहीचं काही नाही गं. ती मी नसती केली तर दुसऱ्यानं केली असती. पण मिल बसणार हे मला दोन महिने आधी कळलं होतं. नरसय्या रोज विचारायचा, साहेब, लोक बोलतात ते खरं का? मी म्हणायचो, काम कर. तेव्हाच सांगितलं असतं तर त्याला भिवंडीत माग मिळाला असता."

"का नाही सांगितलंत?"

"नोटीस लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं वरून आलं होतं. मी ऐकलं." ते एक पान कापून सुपात टाकतात. "तुझं बरोबरच होतं, कुंदे."

मला रडू फुटतं. बरोबर होतं, म्हणूनच तर त्यांना ते इतकं लागलं असणार. माझं चुकलं असतं तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. ज्याचं बरोबर आहे त्यानं जरा लवकर थांबावं, हे मला कुणी शिकवलं नाही. आणि मी तीस वर्षं शाळेत पोरांना शिकवत होते!

अप्पा उठतात. ओटा संपतो तिथे साचेखातं सुरू होतं, माग चालतात ती लांबच लांब शेड. शेकडो माग एकदम सुरू आहेत, पायाखाली फरशी थरथरतेय. इथे कुणी आवाजानं बोलत नाही. समोर उभं राहून नुसते ओठ हलवायचे, समोरचा ते वाचतो. अप्पा ही सवय घरीही आणत. जेवताना नुसते ओठ हलवत आणि आई बरोब्बर ताक वाढायची.

पण अप्पा पाठ करून चालू लागलेत. दोन रांगांच्या मधून, प्रत्येक मागावरच्या कापडावर तळवा फिरवत. पाठीला ओठ कसे दिसणार? मी धावते, अंतर तेवढंच राहतं.

"अप्पा!"

माग माझा आवाज गिळून टाकतात.

"अप्पा! अहो अप्पा, थांबा ना!"

छाती फुटेपर्यंत मी ओरडते. शेवटच्या मागापाशी ते कापड चिमटीत धरून बघतात, सोडतात. पुढे दार आहे आणि दारात रणरणतं ऊन. ते त्या उन्हात पाऊल टाकतात.

"कुंदे! अगं कुंदे, ऊठ!"

आई माझ्यावर वाकली आहे. शेंगा चटईभर सांडल्यात.

"केवढ्यानं ओरडत होतीस गं! अप्पा, अप्पा म्हणून. समोरचे लोक गॅलरीत आले की."

उत्तर द्यायला तोंड उघडते तर नुसती हवा बाहेर येते. घसा साफ बसलाय. आवंढा गिळला तरी आत कुसळ टोचल्यासारखं होतं.

आई गुडघ्यांची पर्वा न करता माझ्याशेजारी खाली बसते.

"हाक मारलीस तू त्यांना," ती म्हणते. "चार वर्षं वाट बघितली मी. आज मारेल, उद्या मारेल." मग ती माझा हात धरते आणि अगदी हळू विचारते, "वळून बघितलं का गं त्यांनी?"

ते वळले नव्हते.

मी आईकडे नीट तोंड करते आणि नुसते ओठ हलवते. हो.

"बघणारच," आई म्हणते, आणि पदरात तोंड घालून रडू लागते.