गोलाला जाळी नव्हती

"ये, हात लाव," असं म्हणून काका विणकराचं बोट धरत आणि कापडावर तार तुटलेल्या जागी टेकवत. आधी स्वतःचा तळवा फिरवायचा, मग त्याचं बोट. ओरडणं नाही, शिवी नाही. "लागलं का? आता तूच सांग, खोट हाय का न्हाय?" विणकर खालमानेने "हाय" म्हणे आणि मी वहीत कापडाच्या त्या ताक्याच्या, म्हणजे गुंडाळीच्या, नंबरापुढे फुली मारत असे.

भिवंडीतल्या त्या यंत्रमाग कारखान्यात काका कापड तपासायचे आणि मी त्यांच्या टेबलाशी लिहायला होतो. ज्या ताक्यात खोट निघे, त्याच्या विणकराची मजुरी कापली जाई. अशी कामं करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जेवायच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी कोणी बसत नाही. काकांच्या शेजारी मात्र जागा मिळत नसे.

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला सेठ रजा देईना, तेव्हा काका म्हणाले, "जा तू. वही मी लिवतो." तपासायचंही त्यांनीच आणि लिहायचंही त्यांनीच. मी परत आलो तेव्हा वहीत एकही खाडाखोड नव्हती. "पास झालास तर पेढे नको आणू," म्हणाले, "चांगलं पेन आण."

रविवारी काका फुटबॉलचे पंच असत. तरुणपणी अनवाणी खेळलेले. आता गळ्यात शिट्टी, पायात कापडी बूट आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. कारखान्यांच्या आणि आसपासच्या गावांच्या टीमा खेळायच्या, एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार करायच्या; पण पंच म्हणून काका दोन्ही बाजूंना चालत. सेठच्या टीमविरुद्धही त्यांनी पेनल्टी दिलेली मी पाहिली आहे.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. एका उन्हाळ्यात काका ताक्यावरचा नंबर मला वाचायला सांगू लागले. आधी वाटलं, थकले असतील. मग एकदा पाण्याचा ग्लास त्यांनी टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. तो फुटल्यावर ते स्वतःच बोलले.

"मोतीबिंदू हाय. डावा पिकलाय, उजव्यात धरलाय."

"मग ऑपरेशन करून टाका ना."

"महिनाभर घरी बसावं लागंल. तोवर टेबल कोन राखून ठेवतोय?" त्यांनी कापडावर हात ठेवला. "कापड मना हातानं दिसतं. त्याची चिंता न्हाय. पन लोकांना कळलं, का याला दिसत न्हाय, तर उद्या माझं ऐकंल कोन? तुझ्यामाझ्यात राहू दे."

"मैदानावर तरी जाऊ नका, काका."

"एकदम बंद केलं तर विचारतील ना, का बंद केलं."

मी शब्द दिला.

पावसाळा संपल्यावर आमच्या कारखान्याचा आणि कोन गावच्या टीमचा अंतिम सामना झाला. गोल म्हणजे दोन बांबू आणि वर आडवा एक. जाळी नव्हती, ती आणायची असं दर वर्षी ठरे. बरोबरी चालू होती, शेवटची काही मिनिटं उरली होती. सेठच्या भाच्याने लांबून चेंडू मारला. तो बांबूजवळून मागच्या गर्दीत घुसला. आमची माणसं "गोऽऽल" म्हणून ओरडली. काकांनी शिट्टी वाजवली आणि मैदानाच्या मध्याकडे हात केला.

कोनचा गोलकीपर दिनेश आमच्याच कारखान्यात माग चालवायचा. तो धावत आला. "काका, भायेरून गेला! आईशप्पथ, बांबूच्या भायेरून!"

"मी बघितलंय," काका म्हणाले.

सामना संपला आणि संध्याकाळी कारखान्यासमोरच्या टपरीवर खरा सामना सुरू झाला. तेव्हा कोणाच्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल नव्हता. ज्याचा आवाज मोठा, त्याचा पुरावा मोठा.

"मागं उभी व्हती त्या सगल्यांना विचारा," दिनेश म्हणाला. "बॉल भायेर व्हता."

"पीछे जो खडे थे, सब कोन के थे," रमजानभाई म्हणाले. ते आमचे सगळ्यांत जुने विणकर. टपरी हसली.

"आनि तुमी कोनाचे, भाई?"

"जो चाय पिलाए, मैं उसकी टीम का."

पुन्हा हशा झाला. दिनेश हसला नाही. "भाच्यानं मारला म्हनून गोल झाला. काका सेठचा मानूस हाय. टेबलावर इतकी वर्षं काय चाललंय ते आज कळलं मला. आपली मजुरी कापायची नि सेठला खूश ठेवायचं."

ज्यांचं बोट धरून काकांनी प्रत्येक खोट दाखवली होती, ती माणसं चहाच्या ग्लासात बघत होती. रमजानभाईसुद्धा. मला ते सहन झालं नाही.

"काका बेइमान नाहीत," मी म्हणालो. "त्यांना दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चेंडू त्यांना दिसलाच नसेल."

दिनेशचा राग उतरला. "मग आधी सांगायचं ना," तो हळूच म्हणाला. वाद तिथेच मिटला. खरं सांगितलं की माणूस आरोपातून सुटतो, असं मला शाळेपासून वाटत आलं होतं. काकांचं नाव मी राखलं, या समाधानात मी घरी गेलो.

सोमवारी दिनेशचा ताका टेबलावर आला. काकांचा तळवा एका जागी थांबला. "ये, हात लाव."

दिनेशने हात खिशात घातले. "काका, नक्की आत हाय का भायेर?"

सगळं खातं हसलं. दिनेश वाईट नव्हता, त्याला मजा सुचली एवढंच. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. त्या दुधाळ डोळ्यांना मी किती दिसलो असेन, कोण जाणे.

त्या दिवसापासून प्रत्येक खोटेवर वाद होऊ लागला. बोट टेकवायला कोणी पुढे येईना. "चाचा, अपनी आँख से बताओ," म्हणत. चार दिवसांत सेठ आला. सेठ आवाज चढवणारा नव्हता. "काका, पहले आँख बनवा लो," म्हणाला, "फिर देखते हैं।"

काकांनी एकामागून एक दोन्ही डोळे करून घेतले. काळा चष्मा लावून परत आले तेव्हा टेबलावर दुसरा माणूस होता. सेठ रोज "देखते हैं" म्हणत राहिला. काका आठवडाभर दारातल्या बाकावर बसून गेले, मग यायचे बंद झाले.

वज्रेश्वरीच्या पुढे त्यांचं गाव. मी गेलो तेव्हा ते अंगणात वाल निवडत होते. चष्मा नव्हता. खडे भराभर बाजूला पडत होते. मी पायांपाशी बसलो आणि टपरीवरचं सगळं सांगितलं.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "बॉल मना दिसलाच नव्हता. आपली मानसं ओरडली, मी शिट्टी मारली. चूक माझीच."

"तुम्हाला लबाड म्हणत होते, काका. मला ऐकवलं नाही."

"म्हनू द्यायचं व्हतं रे." त्यांनी सूप खाली ठेवलं. "लबाड चेकर सेठला चालतो. आंधळा न्हाय चालत."

काकींनी चहा दिला, तो मी प्यायलो. पुढल्या वर्षी काका गेले. मला ते महिन्याने कळलं. म्हणून ती भेट शेवटचीच.

त्या दिवशी निघताना ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. लांब वळणावर एक एसटी दिसली. धुळीतून मला तिचा रंगसुद्धा नीट कळत नव्हता.

"भिवंडी," काकांनी पाटी वाचली. "हात कर. जा."