‘अगं’ वगळून

ऑपरेशनला आठ दिवस राहिले होते. यांचं स्वरयंत्रच काढावं लागणार, हे ठरलं होतं. स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, “यांच्या आवाजात रोजची वाक्यं आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. पुढे टॅबवरचं बटण दाबलं की ते वाक्य ऐकू येईल.” मी वही घेतली आणि साठ वाक्यं लिहून काढली.

आमचं घर कात्रजला, रस्त्याला लागून. ट्रकचे हॉर्न नकोत म्हणून भर दुपारी खिडक्या लावून, पंखा बंद करून आम्ही घामाघूम होत बसायचो. हे वाचायचे कमी आणि माझ्या चुका जास्त काढायचे. “अगं, हे काय लिहिलंयस? ‘कृपया खिडकी लावा’? चाळीस वर्षांत मी कधी कृपया म्हटलंय?” मीही चिडायचे. भांडत भांडत साठ वाक्यं झाली.

मुलगी बंगळुरूला असते. तिनं लॅपटॉपवर आवाज कापायचं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि व्हिडिओ कॉलवर शिकवलं. पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसतात. माउसनं त्यातला हवा तेवढा भाग रंगवायचा, मग काय करायचं ते सांगायचं. रंगवलं तेवढ्यावरच परिणाम होतो. पण काहीच रंगवलं नाही तर ते सगळंच निवडलंय असं धरतं, हे मला कुठे ठाऊक? एका वाक्यातली खरखर काढायला गेले, चुकून बाजूला क्लिक होऊन रंगवलेलं पुसलं गेलं आणि अख्ख्या दुपारचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला. मी लगेच मुलीला फोन लावला. तिनं केलेलं मागे घेणारं ‘अनडू’ दाखवलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून निवडायला लागले. प्रत्येक वाक्याआधी यांचं ‘अगं’ असायचंच. अगं, पाणी दे. अगं, पंखा लाव. हीच वाक्यं नर्सला, डॉक्टरांनाही ऐकवायची, तिथे ‘अगं’ कसं चालेल? म्हणून मी दर वेळी ‘अगं’ वगळून पुढचं निवडलं आणि बाकीचं काढून टाकलं. फार हुशारी केली असं वाटलं होतं.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर यांनी पहिलं बटण दाबलं. “पाणी दे.” आवाज यांचाच, स्वच्छ. मी पाणी दिलं. यांनी पाटी ओढून लिहिलं, ‘हा गृहस्थ कोण?’ मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. हा माणूस मला नावानं कधी हाक मारत नव्हता. ‘अगं’ हेच माझं नाव होतं आणि ते मी माझ्या हातानं साठ वेळा कापलं होतं. दुसरीकडे कुठे ते सापडण्यासारखंही नव्हतं. फोनवरून आवाजी निरोप यांनी कधी पाठवला नाही, आणि लग्नामुंजींच्या व्हिडिओंत हे नेहमी पंगतीत, तोंडात घास.

मुलीला फोन केला. तिनं विचारलं, “आई, डिलीट केलंस की ट्रिम?”

“मला काय माहीत! कापलं.”

“डिलीट म्हणजे कात्रीनं कापून टाकलं. ट्रिम म्हणजे फ्रॉकची शिवण कशी आत दुमडतेस, तसं. कापड आत असतं. वाक्याची कड धरून डावीकडे ओढून बघ.”

मी ओढायला लागले. पहिल्या वाक्याला काही नाही. दुसऱ्याला नाही. चाळिसाव्यापर्यंत कात्रीच चालवली होती मी. पुढे कधीतरी हात दुखला म्हणून मुलीनं ट्रिमचं सोपं बटण दाखवलं होतं, ते आठवत नव्हतं. एक्केचाळिसाव्याची कड ओढली आणि आतून एक छोटासा डोंगर बाहेर आला. ऐकलं. “अगं.”

तेवढंच निवडलं तर ते रस्त्यावरच्या कुणालातरी हटकल्यासारखं वाटलं. निवड डावीकडे थोडी वाढवली, बोलण्याआधीचा श्वासही आत घेतला. मग ते मला म्हटलेलं झालं. बटण तयार करून टॅबवर टाकलं आणि यांना मुद्दामच काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी मी पोळ्या करत होते. आतून हाक आली, “अगं.”

“आले हो, तव्यावर पोळी आहे!” मी ओरडले, गॅस बारीक केला आणि पिठाच्या हातांनी आत गेले. दारात पोचल्यावर लक्षात आलं. हे पलंगावर बसले होते, टॅब मांडीवर.

“काय हवंय?” मी विचारलं.

यांनी मान हलवली. काही नको होतं. आणि मी समोर उभी असतानाच यांनी पुन्हा ते बटण दाबलं.