धूर निघाला तेव्हा

जावा बेटावरच्या आमच्या हॉटेलच्या गच्चीतून समोर ज्वालामुखी दिसतो. सहलीतली मंडळी सकाळपासून त्याच्यावर मोबाईल रोखून बसली होती. "एवढ्या लांब आलो, आणि हा नुसता डोंगरच!" शेजारचे काका कुरकुरले. खाली उतारावर कपडे वाळत घालणारी एक बाईही सारखी वर बघत होती.

एकदम शिखरातून करडा धूर उसळला. गच्चीवर वरात आल्यासारख्या टाळ्या, शिट्ट्या! खाली त्या बाईने दोरीवरचा ओला टॉवेल ओढला, पायाशी खेळणाऱ्या पोराच्या तोंडावर धरला आणि त्याला उचलून घराकडे धावली. पायथ्याशी घर दुसऱ्याचं असलं की आग किती देखणी वाटते!

धूर विरला. काकांच्या शेजारी बसलेल्या काकू हळहळल्या, "माझा व्हिडिओ राहिला. परत निघेल ना हो?"